महाडचा विंचू, ‘लॅन्सेट’ आणि आपण: वैद्यकीय संशोधनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी सगळी नोकरी कोकणातल्या सरकारी आरोग्य केंद्रांत परिचारिका म्हणून झाली. निवृत्तीनंतर दर रविवारी सकाळी तालुक्याच्या वाचनालयात आम्ही सात-आठ जण एखादा वैद्यकीय शोधनिबंध घेऊन बसतो आणि तो मराठीतून समजून घेतो. दोन शिक्षक येतात, आशाताई येतात, एक आंबा बागायतदार येतात, कॉलेजची मुलं अधूनमधून डोकावतात. तिथे पुन्हा पुन्हा निघणारे प्रश्न आणि आमच्यापरीने दिलेली उत्तरं इथे लिहिली आहेत. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत, कारण प्रश्नही सारख्या वजनाचे नाहीत.

प्रकाशित संशोधन म्हणजे नेमकं काय? पेपरात बातमी येते तेच ना?

नाही. बातमी ही संशोधनाबद्दल कुणीतरी सांगितलेली गोष्ट. मूळ निबंध वेगळा. त्यात किती माणसं घेतली, कशी निवडली, काय मोजलं, काय हाती लागलं आणि अभ्यासात कुठे उणं राहिलं, हे सगळं लिहावं लागतं. छापण्याआधी त्याच विषयातली दोन-तीन जाणकार माणसं तो तपासतात, शंका काढतात, दुरुस्त्या सांगतात. याला ‘पिअर रिव्ह्यू’ म्हणतात. ही तपासणी होण्याआधीच निबंध इंटरनेटवर ठेवला तर तो ‘प्रीप्रिंट’. कोरोनाच्या काळात असे निबंध ढिगाने आले आणि त्यातल्या कित्येकांच्या बातम्याही झाल्या. म्हणून बातमी वाचली की पहिला प्रश्न: निबंध कुठे छापला गेलाय? उत्तर मिळालं नाही तर ती बातमी पुढे पाठवू नका.

हे सगळं मोठ्या शहरांत, परदेशात होतं. आपल्या कोकणातून कधी काही आलंय का?

आलंय, आणि ते जगभरच्या डॉक्टरांनी वाचलंय. हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे.

डॉ. हिंमतराव बावस्कर हे मूळचे जालना जिल्ह्यातले. १९७६ मध्ये ते महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. आताच्या रायगड जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं. लाल विंचू चावलेली माणसं, त्यातही लहान मुलं, डोळ्यांदेखत दगावत होती. फुप्फुसात पाणी भरायचं, तोंडातून गुलाबी फेस यायचा आणि खेळ संपायचा. विंचवाने कुणी मरतं यावर शहरातल्या डॉक्टरांचा चटकन विश्वास बसत नसे. बावस्करांनी रुग्णाजवळ बसून नोंदी केल्या: उलटी कधी झाली, घाम कधी फुटला, हातपाय कधी गार पडले, नाडी किती, रक्तदाब किती. त्या नोंदींवरचा निबंध १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. धोक्याची लक्षणं आधीच कशी ओळखायची, हा त्याचा विषय. पुढे १९८६ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाबद्दल ‘लॅन्सेट’मध्येच लिहिलं. डॉ. हिंमतरावांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

प्राझोसिन ही रक्तदाबावरची गोळी. तिचा विंचवाशी काय संबंध, असं पुष्कळ जण विचारतात. लाल विंचवाचं विष मज्जातंतूंमधल्या सोडियमच्या वाटा उघड्याच ठेवतं. त्यामुळे अ‍ॅड्रेनलिनसारखी रसायनं रक्तात धो धो सुटतात. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणून हातपाय गार पडतात. त्या आवळलेल्या नळ्यांतून रक्त ढकलता ढकलता हृदय दमतं आणि पाणी मागे फुप्फुसात साचतं. प्राझोसिन ती आवळलेली मूठ सैल करतं.

मी नोकरीला लागले तेव्हा ही गोळी आमच्या केंद्रात नुकतीच येऊन पोचली होती. मे महिन्यात, भर दुपारी, डोंगरावरच्या एका वाडीतून नऊ-दहा वर्षांच्या मुलाला चादरीच्या झोळीतून आणलं. बाहेर अंगाची काहिली होत होती आणि त्याचा हात माठातल्या पाण्यासारखा गार. सदरा पिळून काढावा इतका घामाने भिजलेला. डॉक्टरांनी गोळी दिली आणि मला सांगितलं, “सिस्टर, हात गरम झाले की हाक मारा.” दर अर्ध्या तासाने मी त्याचे तळहात, तळपाय हातात घेऊन बघत होते. दर तीन तासांनी गोळी. रात्र उलटून गेली. पहाटेच्या सुमाराला तळहात कोमट लागला, मग पावलं. मुलाने पाणी मागितलं. निबंधात ‘हातपाय उबदार होणे’ असं जे लिहितात ते हेच. तो शब्द वाचला की आजही माझ्या बोटांना तो गारवा आठवतो.

म्हणजे विंचू चावला तर प्राझोसिनची गोळी घरात आणून ठेवावी का?

नको. गोळीने रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो. ती कधी, किती द्यायची ते डॉक्टर रुग्णाला तपासून ठरवतात.

घरच्यांनी लक्षात ठेवायचं ते असं. नुसतीच चावल्या जागी प्रचंड आग होत असेल आणि बाकी काही नसेल, तर बहुतेक वेळा जिवाला धोका नसतो. मोठ्या काळ्या इंगळीचा डंख बहुधा असाच. पण उलटी, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, पुरुष वा मुलग्यांत लिंग ताठ होणं, धाप लागणं यातलं एक जरी दिसलं तरी ते विष अंगात भिनल्याचं लक्षण आहे. गंभीर रुग्णाला कधी कधी जागेवरच्या वेदना कमीच असतात. ‘दुखत नाही म्हणतोय, उतरला वाटतं’ असं म्हणून घरचे निर्धास्त होतात आणि तिथेच घात होतो. लहान मूल असेल तर लक्षणांची वाट न पाहता निघा. १०८ ला फोन करा. चिरा देऊ नका, करकचून बांधू नका. विंचू उतरवणाऱ्याकडे जायचंच असेल तर दवाखान्यातून परतल्यावर जा. कुणाच्या श्रद्धेला मला हात लावायचा नाही, मला ते मधले दोन तास हवे आहेत.

जांभ्याच्या चिऱ्यांचा ढीग, लाकडांचा माच, पेंढा, दाराबाहेरच्या चपला यांना हात घालण्याआधी काठीने हलवून बघा. उन्हाळा आणि भातकापणी या दोन्ही काळात जास्तच.

‘लस’ दिली तर गोळी कशाला? काही डॉक्टर लस देतात, काही नुसती गोळी.

लस म्हणजे इथे प्रतिविष, विंचवाच्या विषाला मारक असं इंजेक्शन. याच प्रश्नाचं उत्तर शोधायला महाडच्या बावस्कर रुग्णालयात एक चाचणी झाली आणि २०११ मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापली गेली. आमच्या वाचनालयात तो निबंध समजावताना मी काजूच्या बिया मांडल्या. कुणालाही जमेल, घरी करून बघा.

टेबलावर दोन रांगा, प्रत्येकी ३५ बिया. हे ७० रुग्ण. कोण कुठल्या रांगेत जाणार हे डॉक्टरांच्या मर्जीने ठरलं नाही, चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दैवावर सोडलं. पहिल्या रांगेला प्राझोसिन आणि सोबत प्रतिविष. दुसरीला फक्त प्राझोसिन. दहा तासांनी किती जण पूर्ण बरे झाले? पहिल्या रांगेतल्या ३२ बिया बाजूला काढा. दुसरीतल्या ८. टेबलावर पहिल्या रांगेत ३ बिया उरतात, दुसरीत २७. बागायतदार काका बराच वेळ त्या बियांकडे बघत होते. मग म्हणाले, “हे आकडे कागदावर होते तेव्हा कळले नव्हते.” सरासरी पाहिली तर प्रतिविष मिळालेले साधारण ८ तासांत बरे झाले, नुसत्या गोळीवरचे जवळजवळ १८ तासांत.

आता या निबंधाचा कच्चा भागही बघा, कारण तो लेखकांनी स्वतःच उघड ठेवलाय. कुणाला काय दिलं जातंय हे डॉक्टरांनाही माहीत होतं आणि रुग्णांनाही. रुग्ण ७० च, रुग्णालय एकच. आणि प्रश्न ‘लवकर बरं होण्याचा’ होता. नुसत्या गोळीवरची माणसंही पुढे बरी होत गेली. म्हणून गावच्या केंद्रात प्रतिविष नसेल आणि डॉक्टरांनी गोळी सुरू करून पुढे पाठवलं, तर त्यांनी चूक केली असं समजू नका.

ट्युनिशियातल्या अभ्यासात प्रतिविषाचा फायदाच दिसला नाही म्हणे. मग खरं कोण?

दोघेही. तो अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. ८२५ रुग्ण होते, म्हणजे महाडच्या दहापटीहून जास्त. तरीही तो कोकणाला जसाच्या तसा लागू होत नाही. तिथला विंचू वेगळ्या जातीचा, तिथलं प्रतिविष वेगळं. शिवाय विंचू चावून आलेल्या सगळ्यांनाच त्यात घेतलं होतं, विष फारसं न भिनलेल्यांनाही. जो आपोआपच बरा होणार आहे त्याला औषध दिलं तर फरक दिसणार कुठून? महाडमध्ये विष भिनल्याची लक्षणं असलेलेच रुग्ण घेतले.

म्हणून निबंध वाचताना ‘कोणाला घेतलं’ हा परिच्छेद मी सगळ्यात आधी वाचते. निष्कर्ष नंतर. माझ्या मते हीच एक सवय लागली तर अर्धं काम झालं.

प्राझोसिनने मृत्यू कमी झाले हे तरी पक्कं आहे का?

गोळी येण्याआधी गंभीर विंचूदंशाच्या रुग्णांतले शंभरात तीसएक दगावत. नंतर हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आल्याचं बावस्करांनी नोंदवलंय. ही तुलना मुख्यतः ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांची आहे. मधल्या काळात रस्ते झाले, एसटी वाडीपर्यंत आली, लोक लवकर येऊ लागले. त्याचाही वाटा असणार. पण तीसावरून एकावर येणं नुसत्या रस्त्यांनी होत नाही, असं मी ते दोन्ही काळ पाहिलेल्या माणसांकडून ऐकलंय, आणि विष शरीरात काय करतं त्याच्याशीही ते जुळतं. मला ते पटतं.

मोठ्या मासिकात छापून आलं म्हणजे खरंच ना?

नाही. बिरवाडीच्या नोंदी छापणाऱ्या त्याच ‘लॅन्सेट’ने १९९८ मध्ये अवघ्या १२ मुलांवरचा एक निबंध छापला होता. गोवर, गालगुंड, रुबेलाच्या लसीचा स्वमग्नतेशी (ऑटिझमशी) संबंध असावा, असा त्याचा सूर. पुढे त्यातल्या लबाड्या बाहेर आल्या आणि २०१० मध्ये तो मागे घेतला गेला. बारा वर्षं गेली. तेवढ्यात भीती जगभर पसरली, ती आजही आमच्या लसीकरणाच्या दिवशी एखाद्या शिकलेल्या आईच्या मोबाइलमधून डोकं वर काढते. २०२० मध्ये कोरोनावर दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधावरचा एक मोठा निबंध मात्र काही आठवड्यांतच मागे घ्यावा लागला, कारण त्यामागची माहिती तपासायला द्यायला संबंधित कंपनी तयार झाली नाही.

चूक सापडली आणि जाहीरपणे मागे घेतली गेली, हे मला विश्वास ठेवायचं कारण वाटतं. मात्र पैसे घेऊन काहीही न तपासता छापणारी मासिकंही आहेत. नाव भारदस्त असतं, ‘इंटरनॅशनल’ हमखास असतं. आठ दिवसांत छापून देतो म्हणाले की समजून जा.

‘धोका दुप्पट’ असं वाचलं की छातीत धस्स होतं.

विचारा: किती होता आणि किती झाला? दहा हजारांत एकाचे दोन झाले तरी दुप्पट, शंभरात वीसाचे चाळीस झाले तरी दुप्पट. पहिल्यात झोप उडवून घ्यायचं कारण नाही.

जे दवाखान्यात पोचलेच नाहीत, ते कुठल्या आकड्यात?

हा प्रश्न आमच्या एका आशाताईंनी विचारला आणि मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो.

सर्पदंशाचं उदाहरण घ्या. सरकारी रुग्णालयांच्या नोंदी पाहिल्या तर देशातले सर्पदंशाचे मृत्यू थोडेच दिसत. मग एका मोठ्या अभ्यासात घरोघरी जाऊन ‘तुमच्या घरात कोण गेलं, कसं गेलं’ असं विचारलं गेलं. २०११ मध्ये तो छापून आला. २००५ या एका वर्षात सुमारे ४६ हजार माणसं साप चावून गेली असावीत, असा त्याचा अंदाज. त्यातले जेमतेम चौथा हिस्सा मृत्यू रुग्णालयात झाले होते. बाकीचे बांधावर, वाटेत, घरातल्या ओटीवर. त्यांचा केसपेपर निघालाच नव्हता.

उलट्या बाजूचं उदाहरण आपल्याच घरातलं. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, सिंधुदुर्गात १०३६. बाहेरचा माणूस म्हणेल, वा, कोकणात मुलींची काय चैन आहे! पण शून्य ते सहा वयाच्या मुलांचं प्रमाण बघा, तिथे मुली हजारापेक्षा कमीच आहेत. मग मोठ्यांमध्ये बायका जास्त कशा? कारण घरोघरचे पुरुष मुंबईला आहेत. चाकरमानी गणपतीला येतो, जनगणनेला येत नाही. आकडा खोटा नाही. मोजणीच्या दिवशी घरात कोण नव्हतं हे फक्त तो सांगत नाही.

औषध-इंजेक्शन नसलेलं संशोधनही असतं का?

असतं, आणि त्यातलं एक चांगलं काम आपल्याच किनाऱ्यावर गोव्यात झालं. मनाचे आजार, म्हणजे उदासी, सततची धास्ती, यांच्यासाठी गावोगाव मानसोपचारतज्ज्ञ आणायचे कुठून? डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगत’ या संस्थेने वैद्यकीय पार्श्वभूमी नसलेल्या स्थानिक बायकांना समुपदेशनाचं प्रशिक्षण दिलं आणि २४ आरोग्य केंद्रांत व दवाखान्यांत त्याची रीतसर चाचणी घेतली. २०१० मध्ये ती ‘लॅन्सेट’मध्ये आली. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी समुपदेशक मिळालेल्यांपैकी ६५.९ टक्के सावरले होते, न मिळालेल्यांपैकी ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र फरक पडला नाही. तिथले रुग्ण समुपदेशकाशिवायही तेवढेच सावरत होते. मला वाटतं, ओळखीचा फॅमिली डॉक्टर बसवून घेऊन दोन शब्द बोलतो, सरकारी ओपीडीत रांग मोठी असते आणि ते राहून जातं. हा माझा अंदाज आहे, पण त्या रांगेच्या टोकाला मी कित्येक वर्षं उभी होते.

आमच्याकडे सर्वेक्षणाला येतात, रक्त घेतात, सही घेतात. द्यावी का?

द्यावी, पण समजून. गोचिडीतून पसरणाऱ्या माकडतापाचंच घ्या. कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात तो १९५७ मध्ये ओळखला गेला. २०१६ मध्ये सिंधुदुर्गात रुग्ण सापडले, ते तपासणी झाली म्हणून. माकडं मरून पडत होती, काजूच्या बागेत गेलेली माणसं तापाने फणफणत होती. रक्त तपासलं नसतं तर गोचिडीकडे बोट दाखवणार कोण?

पण तुमचे हक्क आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अभ्यास कशाचा, त्रास काय होऊ शकतो, फायदा काय, हे तुम्हाला कळेल अशा भाषेत सांगायलाच हवं. माहितीपत्रकाची प्रत तुमच्याकडे राहायला हवी. नाही म्हणता येतं, मध्येच बाहेर पडता येतं, आणि त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत. अभ्यास नीतीला धरून आहे ना हे बघणाऱ्या आचारसमितीची परवानगी आहे का ते विचारा. औषधाची चाचणी असेल तर तिची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत असते. २००९ पासून ती सक्तीची आहे आणि कुणालाही बघता येते.

एक सल मनात आहे ती सांगते. खूप वर्षांपूर्वी एका पथकाने माझ्या हद्दीतल्या चाळीसेक घरांतून रक्त नेलं. वाट दाखवायला मीच पुढे होते. अहवाल पाठवतो म्हणाले. एका म्हातारीने मला पुढची दोन वर्षं बाजारात गाठून विचारलं, “बाय माझे, माझ्या रक्तात काय गावला गो?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून आता सांगते, सही करण्याआधी दोन गोष्टी लिहून घ्या: अहवाल कधी मिळणार आणि कुणाला फोन करायचा.

आमच्या आजीचा काढा लागू पडतो, त्याला संशोधनाची काय गरज?

काढ्याने घशाला आराम पडत असेल तर जरूर घ्या. पण सर्दी-खोकला बहुतेक वेळा आठवड्यात आपसूक जातो, काढा घेतला काय नि न घेतला काय. फरक काढ्याचा की दिवसांचा, हे दोन रांगा मांडल्याशिवाय कळत नाही. डॉक्टरच्या ‘माझ्या अनुभवात’ला सुद्धा हेच लागू.

मूळ निबंध मिळवायचा कुठे? इंग्रजी येत नाही फारसं.

इंटरनेटवर ‘पबमेड’ ही वैद्यकीय निबंधांची सूची उघडा, फुकट आहे. आजाराचं नाव आणि ‘इंडिया’ किंवा ‘महाराष्ट्र’ घाला. सारांश बहुतेक सगळ्यांचे मिळतात, पूर्ण निबंध काहींचेच. आधी सारांश वाचा, मग रुग्ण कसे निवडले तो भाग, मग तक्ते, आणि शेवटी लेखकांनी मान्य केलेल्या मर्यादा. मधली संख्याशास्त्राची जड वाक्यं पहिल्या वाचनात सोडलीत तरी चालेल. इंग्रजी अडलं तर बारावीच्या मुलाला शेजारी बसवा. आमच्याकडे तसंच चालतं, आणि त्या मुलांचं इंग्रजीही सुधारलंय.

पूर्ण निबंधाला पैसे मागितले तर भरू नका. पहिल्या पानावर पत्रव्यवहारासाठी एका लेखकाचा ईमेल असतो. दोन ओळी लिहा: आम्ही अमुक गावचे, तुमचा निबंध वाचायचा आहे. आम्ही आजवर बऱ्याच जणांना असं लिहिलंय. बहुतेकांनी दोन-चार दिवसांत फाइल पाठवली, आणि एका बाईंनी तर उलट विचारलं, तुमच्या वाडीत अजून असे रुग्ण येतात का?